सुतळीवरचा आळ आणि जावयाची चोच

आमच्या दवाखान्यात ती जे काम करायची त्याला धड नाव नव्हतं. मी जनावरांचा डॉक्टर. माझ्याकडे कुत्री-मांजरं कमी यायची आणि पोपट, सरडे, कासवं, पाळलेले साप जास्त. मी तपासायचो, टोचायचो, टाके घालायचो आणि ती धरायची. एवढंच. पण चवताळलेल्या काकाकुव्याच्या नखांना ज्याने कधी कात्री लावली असेल त्याला विचारा, धरण्यात 'एवढंच' काही नसतं.

सगळे तिला 'पकड' म्हणायचे. हत्यारांच्या पेटीत असते ती पकड. मी तोंडावर 'बाई' म्हणायचो, पण माझ्याही मनात नाव तेच होतं. पन्नाशीची, ठेंगणी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि चालणं असं की जमिनीवर कोणी झोपलं असेल तर त्याची झोप मोडू नये.

बाहेरच्या बाकावर बसलेले लोक तिच्या हातांकडे टक लावून पाहायचे. मनगटापासून बोटांपर्यंत पांढरे व्रण, एक नख वाकडं वाढलेलं, अंगठ्याजवळ खड्डा. कोणीतरी हमखास विचारायचं, "बाप रे, किती साप चावले हो तुम्हाला?"

"छे हो. साप बिचारे कुठले चावायला," ती म्हणायची. "ही सगळी पोपटांची कृपा."

लोकांना ते खरं वाटायचं नाही. पण अकरा वर्षांत सरपटणाऱ्या जनावरांनी तिला तीनदाच चावलं होतं, आणि तिन्ही वेळा चूक आपलीच होती असं ती छातीठोकपणे सांगायची. एकदा उंदरांचा डबा हाताळून हात न धुताच तिने अजगराला उचललं. वास उंदराचा, मग त्याने हाताला उंदीर समजून धरलं तर दोष कोणाचा? दुसऱ्यांदा इग्वानाला, म्हणजे तो झाडावर राहणारा मोठा हिरवा सरडा, त्याला तिने घाईघाईत वरून धरलं, घार झडप घालते तसं. आणि तिसऱ्यांदा भाचीच्या लग्नाहून थेट कामावर आली होती. नखांना लालभडक रंग. कासवाला वाटलं टोमॅटो.

पोपटांचं मात्र मोजायचंच तिने सोडून दिलं होतं.

ती आली तेव्हा फरशी पुसायला आली होती. आधी ज्या लाँड्रीत इस्त्री करायची ती बंद पडली होती. तिसऱ्याच आठवड्यात एक इग्वाना माझ्या हातातून निसटला आणि बाहेरच्या खोलीत गेला. शेपटीचा असा फटकारा मारत सुटला की माणसं खुर्च्यांवर उभी राहिली, आणि खोटं कशाला बोलू, मीही टेबलावर चढलो. ती फडकं पिळत होती. तिने अंगावरचा एप्रन सोडला, सरड्याच्या बाजूने, अगदी सावकाश वाकत गेली, एप्रन त्याच्या डोळ्यांवरून टाकला आणि शेपटी काखेत दाबून त्याला उचललं. सरडा गप्प.

"हे कुठे शिकलात?" मी टेबलावरूनच विचारलं.

"शिकायचं काय त्यात? घाबरलंय ते. दिसेनासं झालं की भीती संपली," ती म्हणाली. "तुम्ही उतरा आता."

दुसऱ्या दिवसापासून फरशी पुसायला दुसरी बाई ठेवली.

पुढची वर्षं ती नुसती बघत राहिली. मी जनावराच्या छातीकडे, पोटाकडे बघायचो. ती डोळे, मान आणि पिसांकडे बघायची. साप चावण्याआधी मान आखडून मागे घेतो, फुत्कारतो. सरडा अंग फुगवतो, तोंड वासतो. भीती, भूक, नाहीतर कात टाकतानाची कटकट, यापलीकडे त्यांचं भांडण जात नाही. पोपटाचं तसं नव्हतं.

"डॉक्टर, सापाने चावलं की विषय संपला," ती एकदा हाताला औषध लावता लावता म्हणाली. "पोपट चावून झाल्यावर बघत बसतो, आता ही काय करते. आपण किंचाळलो की त्याला तमाशा मिळतो. हात काढून घेतला की त्याला कळतं, अरे वा, हे तर कामाला येतं. मग रोज चावतो. त्याला चावायला घरचीच माणसं शिकवतात हो, आणि मग त्याच्याच नावाने खडे फोडतात."

"म्हणजे चावणं त्याच्या स्वभावात नसतंच म्हणता?"

"स्वभाव असतो ना. अक्कल असलेल्याला स्वभाव असायचाच. तीन वर्षांचं पोर समजा, फक्त हातात अडकित्ता दिलेलं."

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे घड्याळवाल्याचा साप.

तिशीचा, सडपातळ, बोलताना खाली बघणारा माणूस. गल्लीच्या तोंडाशी त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं आणि तिसऱ्या मजल्यावर एक खोली. खोलीत काचेच्या पेटीत एक मादी अजगर, लहान जातीची, जेमतेम चार फूट. नाव सुतळी. एका सकाळी तो तिला उशीच्या अभ्र्यात गाठ मारून घेऊन आला आणि अभ्रा माझ्या टेबलावर ठेवला.

"डॉक्टर, हिला तुम्ही ठेवून घ्याल? नाहीतर मालक मारून टाकायला सांगतायत."

हळूहळू सगळं कळलं. आदल्या दिवशी पेटीच्या झाकणाची कडी लावायची राहिली. हा दुकानात. दुपारी इमारतीत आरडाओरडा झाला. पहिल्या मजल्यावर घरमालक आणि त्यांची आई राहायची. सगळी इमारत तिला आजी म्हणायची. आजी आपल्या दारात उभी, हातातून रक्त ओघळतंय, आणि समोर जिन्याच्या कोपऱ्यात सुतळी. शेजाऱ्यांनी विचारलं, साप चावला का? आजीने होकारार्थी मान डोलावली. तळमजल्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून मालक धावत आले. साप दोन दिवसांत संपवायचा आणि घड्याळवाल्याने महिनाअखेर खोली सोडायची, असा हुकूम सुटला.

मी 'अरेरे' म्हणालो. खरं सांगायचं तर माझाही विश्वास बसला होता. साप समोर, रक्त समोर, आणखी काय हवं? पकडने मात्र गाठ सोडली, सुतळीला बाहेर घेतलं. सुतळीने लगेच अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवलं.

"जिन्यात होती तेव्हाही अशीच होती का?" तिने विचारलं.

"हो. अशीच. गोळा होऊन."

"जखम पाहिलीत तुम्ही?"

"नाही. फडकं गुंडाळलं होतं. पण रक्त खूप होतं. पायरीवर चांगलं थारोळं."

तिने मला सुतळीचं तोंड उघडायला लावलं. आत दाताच्या ब्रशसारखे बारीक दात, मागे वळलेले. एकही तुटलेला नव्हता.

"याने थारोळं?" ती स्वतःशीच म्हणाली. मग चष्मा वर करून विचारलं, "त्या घरात आणखी कोण राहतं?"

"आजी, मालक... आणि जावई."

"घरजावई आहे होय?"

"पोपट आहे हो. सगळं आयतं लागतं, सारखा रुसलेला असतो आणि त्याला कोणी काही बोलायचं नाही, म्हणून आजींनी जावई नाव ठेवलंय."

पकडने एप्रन काढून खुंटीला लावला. "डॉक्टर, बॅग घ्या," ती म्हणाली. "जावयाला भेटून येऊ."

घर ऐसपैस होतं. जाड पडदे, दोन सोफे, भिंतीला लागून एक जुनं लाकडी कपाट, आणि खिडकीजवळ दांडीवर राखाडी पोपट, लाल शेपटीचा. आम्ही आत येताच तो मालकांच्या घोगऱ्या आवाजात ओरडला, "दार लाव!" मी खरंच मागे वळून दार लावलं.

आजी सोफ्यावर, हात उशीवर. मालक धिप्पाड, मिशीवाले, उभेच. "डॉक्टर, सापाची वकिली करायला आला असाल तर चहा घ्या आणि निघा," ते म्हणाले.

"वकिली कसली? मी पट्टी बदलायला आलेय," पकड म्हणाली. "जरा पाणी गरम कराल? उकळून, कोमट करून आणा. घाई नको."

मालक स्वयंपाकघरात गेले. तिने पट्टी सोडली. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या भागात वरून एक खोल भोक, खालून अर्धचंद्र उमटलेला, मधलं मांस काळंनिळं. तिने ते पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आजी, कधीपासून चावतोय?"

आजीने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "वर्ष झालं. मुलाला सांगू नका हो. मागच्या खेपेला म्हणाला, पुन्हा चावला तर पिंजऱ्यासकट कोणालातरी देऊन टाकीन. दिवसभर तो दुकानात. माझ्याशी बोलायला दुसरं आहे कोण?"

"आणि घड्याळवाल्याशी बोलायला कोण आहे?"

पकडने हे रागाने म्हटलं नाही, पण आजीचा चेहरा उतरला. तिने पदर सावरला. मग ताठ बसली आणि हाक मारली, "अरे, इकडे ये. पाणी राहू दे. साप नाही चावला मला. जावई चावला."

मालक भांडं हातात घेऊनच आले. "आई, त्या पोराची दया आली म्हणून आता फिरवतेस तू."

"दया कालच यायला हवी होती. साप दारात दिसला तेव्हा जावई माझ्या हातावर होता. त्याचे डोळे असे गरगरले आणि कचकन चावला. त्या सापाने डोकं वरसुद्धा केलं नाही."

मालकांना पटेना. तेव्हा पकडने साबणाची नवी वडी मागितली आणि दांडीसमोर धरली. जावयाने मानेची पिसं फुलवली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक-मोठ्या केल्या आणि वडीचा असा लचका घेतला की आवाज झाला. तिने वडी आजीच्या हाताशेजारी ठेवली. वर भोक, खाली अर्धचंद्र. मग स्वतःची बाही वर केली. मनगटावर बारीक ठिपक्यांची कमान होती, शिलाई मशीनने टीप मारावी तशी.

"हा अजगराचा चावा. दुसऱ्या दिवशी मी कपडे धूत होते. बघा आणि तुम्हीच सांगा."

मालक वाकून वडी बघत राहिले, हात बघत राहिले.

"पण आईला का चावला?" शेवटी त्यांनी विचारलं. "तीच तर त्याला भरवते."

"आईला म्हणून नाही चावला. हातावर बसलेला पोपट घाबरला की जो हात जवळ असतो तोच चावतो. त्याच्या भाषेत ते 'पळ इथून' असतं. तुम्ही रस्त्यात गाडी आली की पोराला हिसडा देता ना, तसं."

मालक सरळ झाले. "ठीक आहे. सापाने चावलं नाही, पण त्याच्यामुळे चावा झाला. म्हणजे आरोपी दोन. दोघंही जातील."

आजीने डोळ्यांना पदर लावला. मी बॅग उचलली. पकड जागची हलली नाही.

"सहा आठवडे द्या, तोवर साप, पोपट, खोली सगळं जिथल्या तिथे," ती म्हणाली. "सहा आठवड्यांनी हा पोपट न चावता तुमच्या हातावर बसेल. नाही बसला तर दोन्ही जनावरं मी माझ्या घरी नेते, आणि तुमचा शब्द खाली पडू देत नाही."

"माझ्या हातावर? अहो, तो माझ्या सावलीलासुद्धा चावतो!"

"म्हणूनच तुमच्या."

मालक 'बरं, सहा आठवडे' म्हणाले. जिना उतरताना मी तिला म्हटलं, "बाई, डोकं ठिकाणावर आहे का? आजींच्या हातावर म्हटलं असतंत तरी चाललं असतं."

"आजी त्याच्या आहेतच. भांडण कोणाचं आहे ते बघा," ती म्हणाली.

घड्याळवाल्याने पेटीला स्वतः कुलूप बनवलं, घड्याळाची स्प्रिंग घालून. झाकण टेकलं की आपोआप बंद. आणि रोज दुपारी दवाखाना तासभर बंद असे तेव्हा पकड त्या घरी जाऊ लागली.

पहिला आठवडा तिने पोपटाला हात लावला नाही. वर्तमानपत्र घेऊन खिडकीशी बसायची. सूर्यफुलाच्या बिया वाटीतून बंद केल्या, कारण त्या त्याच्या सगळ्यात आवडीच्या. आता बी मिळायची ती फक्त मालकांकडून. मालकांनी दुकानातून वर यायचं, एक बी वाटीत टाकायची आणि निघून जायचं.

"मी काय वाढपी आहे?" मालक पहिल्या दिवशी म्हणाले.

"सध्या तेवढंच व्हा. आतापर्यंत तुम्ही आलात की ओरडा यायचा. आता तुम्ही आलात की बी येते. हिशोब त्याचा त्याला करू द्या."

दुसऱ्या आठवड्यात बी बोटांत धरायची वेळ आली. पिसं फुलली, डोळे फिरू लागले की थांबायचं, मागे सरायचं. चावलाच तर ओरडायचं नाही, हात झटकायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही. मालकांना हे सगळं तोंडपाठ होतं. तिसऱ्या दिवशी जावयाने बोट धरलं आणि मालकांनी अशी बोंब मारली की रस्त्यावरची माणसं थांबली. पुढचे चार दिवस जावई तीच बोंब हुबेहूब त्यांच्या आवाजात मारत होता. दुकानातलं गिऱ्हाईक विचारायचं, वर कोणाला काय झालं? मालक खिळे मोजत म्हणायचे, "कोणी नाही. मीच आहे."

पण त्यानंतर मालक पुन्हा ओरडले नाहीत. चौथा आठवडा लागता लागता जावई त्यांच्या बोटांतून बी घ्यायचा, हलकेच, आणि त्यांना बघून ओरडायच्या ऐवजी शीळ घालायचा. मालक दुकानात बसून ती शीळ घालायला शिकत होते असं घड्याळवाल्याने मला सांगितलं. सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि मग एके दिवशी पकड परत आली ती अंगठ्याला फडकं गुंडाळून. अंगठा आरपार. मी दोन टाके घातले.

"काय झालं?"

"काय झालं ते कळत नाही, हेच तर झालं," ती म्हणाली. अकरा वर्षांत मी तिला असं हिरमुसलेलं पाहिलं नव्हतं. "काही कारण नव्हतं. मी कपाटाजवळ उभी होते, उडत आला आणि फाडलं. मालक म्हणाले, बाई, सांगितलं होतं ना."

दोन दिवस तसंच. आजीलाही चावला. मालक दारातूनच बी फेकून पळायचे. अवघे सोळा दिवस उरले होते. तिसऱ्या दिवशी ती मलाही बरोबर घेऊन गेली, पण पोपट बघायला नाही. खोली बघायला. ती मधोमध उभी राहिली आणि आजीला म्हणाली, "गेल्या आठवड्यापासून नवीन काय झालं या घरात? काहीही. क्षुल्लक असलं तरी सांगा."

आजीने खूप विचार केला. "काही नाही ग बाई. हां, माझी लोकर सापडत नाही. आणि हा मेला सारखा त्या कपाटाखाली."

कपाटाचा सगळ्यात खालचा खण हातभर उघडा होता. पकड जमिनीवर पालथी झाली. जावई दांडीवरून झेपावला. मी माझा कोट मध्ये धरला आणि कोटाच्या बाहीचा बळी गेला. तिने खण ओढला. आत फाडलेली वर्तमानपत्रं, आजीची निळी लोकर, आणि मध्ये एक पांढरंशुभ्र अंडं.

मग आजी कपाळावर हात मारून ओरडली, "अगं बाई! हा जावई कसला? ही तर सून!"

मालक सोफ्यावर बसलेच. मी खाली बघत होतो, कारण या जातीत नर-मादी दिसायला सारखेच असतात हे खरं, पण पहिल्या भेटीनंतर दवाखान्याच्या कार्डावर ठळक अक्षरांत 'नर' मीच लिहिलं होतं.

पकड जमिनीवर बसून हसत सुटली, टाके घातलेला अंगठा पोटाशी धरून. "घर राखत होती हो बिचारी! आणि मी तिच्या दारात उभी राहून तिलाच शहाणपण शिकवत होते!"

आता तिला काय करायचं ते कळलं होतं. खाणं गरम-मऊ द्यायचं नाही, घरटं मांडायची उबळ त्याने वाढते. पडदे संध्याकाळीच ओढायचे आणि बारा तास झोप द्यायची. कुरतडायला लाकडाचे तुकडे द्यायचे. अंडं काही दिवस राहू दिलं, नाहीतर तिने दुसरं घातलं असतं. तिने स्वतःच नाद सोडला तेव्हा खण बंद झाला.

"आणि आजी, पाठीवरून हात फिरवायचा नाही. लाड फक्त डोक्याचे," पकड म्हणाली. "पाठ कुरवाळली की तिला वाटतं संसार मांडायची वेळ झाली."

"वर्षभर मी तेच करतेय," आजी पुटपुटली.

"मग वर्षभर ती तेच समजतेय."

दहा दिवसांत वादळ ओसरलं. आणि गंमत म्हणजे ज्या दिवशी अंडं सापडलं त्या दिवसापासून मालकांचा आवाजच बदलला. दुकानातून वर येऊन दारातच म्हणायचे, "काय सूनबाई, येऊ का?" सूनबाई मान वाकडी करून ऐकायची. मान खाली घातली की मालक आत यायचे. पिसं फुलवली की मालक गुमान परत जायचे. पकडने हे दुरून पाहिलं आणि मला म्हणाली, "झालं काम. आता ती 'नाही' म्हणाली तर हे ऐकतात. मग तिला चावायचं कशाला?"

ठरलेला दिवस रविवार होता. सकाळी दहाला इमारतीतली निम्मी माणसं त्या घराच्या दारात. घड्याळवाला सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, चेहरा पांढरा. मालकांनी थंडी नसताना जाड कोट घातला होता आणि हातात चामड्याचे मोजे.

"मोजे काढा," पकड म्हणाली.

"बाई, लोक बघतायत."

"म्हणूनच काढा. तिला तुमची बोटं ओळखीची आहेत, हे मोजे नाहीत."

मालकांनी मोजे काढले. दांडीजवळ गेले. हात पुढे केला, तिच्या पोटाच्या उंचीला, पकडने शिकवला होता तसा, डगमग न करता. "येतेस का, सूनबाई?"

सूनबाईने हाताकडे पाहिलं. मग मान पुढे काढली आणि चोच उघडून त्यांचं बोट धरलं.

दारातून कोणीतरी "गेलं!" म्हणालं. आजीने डोळे मिटले. मालकांच्या कपाळावर घामाचे थेंब जमले, पण हात तसाच. मी पकडकडे पाहिलं. ती हसत होती. पोपटाची चोच म्हणजे त्याचा तिसरा हात. आपण जिना चढताना कठडा हलवून बघतो, तसं ती बोट धरून बघत होती. धरलं, तपासलं, पक्कं आहे अशी खात्री करून घेतली आणि एक पाय, मग दुसरा पाय, ती मालकांच्या हातावर चढली. पिसं झटकली. शीळ घातली.

मालकांनी कापऱ्या आवाजात शीळ परत घातली.

जो गलका झाला तो रस्त्यापर्यंत गेला. शेजारणी टाळ्या वाजवत होत्या, आजी रडत होती, हसत होती. मालक हात समोर धरून खोलीभर फिरले, एकेकाला दाखवत, "बघा, चढली. स्वतःहून चढली. मी नाही ओढलं!" फिरता फिरता ते घड्याळवाल्यासमोर येऊन थांबले.

"तुमची खोली तुमचीच आहे," मालक म्हणाले. "माझं चुकलं. आणि ती... ती पण राहू दे. फक्त कुलूप."

"कुलूप चोख आहे," घड्याळवाला म्हणाला. त्याने बराच वेळ मान वर ठेवली होती, ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट होती. "तुम्हाला बघायचीय का?"

मी शपथेवर सांगतो, त्या दिवशी दुपारी त्या धिप्पाड माणसाने तिसऱ्या मजल्यावर जाऊन सुतळीच्या पाठीवर एक बोट ठेवलं. "थंड आहे," ते म्हणाले. "गरीब आहे हो ही." आजीने खालूनच विचारलं, "चावली का?" आणि मालकांनी सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "सुनेपेक्षा बरी आहे!"

आम्ही दोघं दवाखान्याकडे चालत निघालो. भर रस्त्यात थांबून पकडने दोन्ही मुठी हवेत नाचवल्या, शाळेची शर्यत जिंकलेल्या मुलीसारख्या. "डॉक्टर, अंडं होतं हो अंडं! मी तर हरलेच होते!" येणारी-जाणारी बघायला लागली. तिने पर्वा केली नाही, आणि मीही नाही.

महिन्याभरातच फोन येऊ लागले. ते माझ्यासाठी नसायचे. "चावऱ्या पोपटाच्या बाई आहेत का?" मी मागची कोठीची खोली रिकामी केली, रंग दिला, तिथे एक दांडी, दोन खुर्च्या आणि एक मोठी खिडकी. दारावर पाटी लावायची म्हणून मी 'साहाय्यक' असं काहीतरी लिहून आणलं. तिने ते वाचलं, पेन घेतलं, खोडलं आणि खाली लिहिलं: 'पोपट चावतो? आत या. घरातल्या सगळ्यांना घेऊन या.'

पाटी लागली त्याच आठवड्यात एक निवृत्त पहिलवान आला. दार अडवणारा माणूस, पाचही बोटांना पट्ट्या, पिंजऱ्यात निळा-पिवळा मकाव, म्हणजे भल्या मोठ्या चोचीचा परदेशी पोपट, आणि मागे बायको आणि दोन धडधाकट मुलं, तिघंही पिंजऱ्यापासून तीन हात लांब. पहिलवान म्हणाला, "बाई, याला सरळ करा. आम्ही सगळे हरलो."

पकडने चौघांनाही बसवलं. पिंजऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाली, "तो काय करतो ते मला तोच सांगेल. आधी तुम्ही चौघं काय करता ते सांगा. धाकट्यापासून सुरू करा."

मी दार हळूच ओढून घेतलं. माझ्याकडे एका कासवाचं कवच तपासायचं होतं, आणि ते धरायला मी एकटा पुरेसा होतो.